यानाची खालची बाजू

छोट्या,

धूळ पुसायला तुझं ते किटचं अवकाशयान स्टँडवरून उचललं आणि अँटेना मोडली. तुकडा बशीखाली ठेवलाय. मी आल्यावर हवा तेवढा बोंबल, ऐकून घेईन.

पण उलटं धरलं तेव्हा दिसलं. सिनेमातल्या यानाला पोटाखाली खिडक्या आहेत, किटवाल्यांनी दिल्या नाहीत, म्हणून तू सुईने त्या एकेक कोरल्यास! तिथे कुणाची नजरही जात नाही, तरी एक खिडकी वाकडी असेल तर शपथ. आणि मी तुला रोज म्हणते, "कोण बघतंय?"

नाश्ता झाकून ठेवलाय. मी लवकर दातांच्या लॅबमध्ये चाललेय. काल एका आजींच्या कवळीची आतली बाजू मी तशीच खडबडीत सोडली, कोण बघतंय म्हणून.

ताई