सानियाच्या नंबरचे जॉब

मंगळवार, संध्याकाळ

सानियाची कंपनीच्या टूलरूमची स्कॉलरशिप गेली. म्हणजे तिचं पुढचं शिक्षणही बंद. कंपनीवाल्यांनी आज निवडीला आलेल्या सगळ्यांच्या हातात कानस दिली आणि समोरच जॉब, म्हणजे लोखंडाचा तुकडा, मापात घासायला लावला. तिला साधा काटकोन जमला नाही. जमणार कसा? डिप्लोमाच्या वर्कशॉपमध्ये तिचे जॉब मीच घासायचो, त्यावर तिचा रोल नंबरही मीच ठोकायचो. सरांशी मारामारी करून कॉलेज सोडलं, त्या दिवशीसुद्धा तिच्या नंबरचा जॉब आधी पूर्ण केला. केवढा शहाणा मी!

स्वारगेटला भेटली. म्हटलं, “तुझ्यासाठीच केलं ना गं?”

“केलंस रे. शिकवलं का नाहीस?”

मी उलट तिच्यावरच ओरडलो. ती बसमध्ये चढून गेली.

इथे तरी खरं लिहितो. चार दिवसांत शिकली असती. मग माझ्याकडे कशाला आली असती?