शेबेलाचे रातकिडे

३ मे १९९९, सोमवार

ब्रनोची बस वेळेवर पोचली. डोंगरउतारावरच्या द्राक्षमळ्यांना कोवळी पालवी फुटली आहे, आणि मला कितीतरी महिन्यांनी जोराची भूक लागली. निवृत्तीनंतरची तीन वर्षं घरात बसून काढल्यावर माणसाला काम मिळालं की असं होतं.

राडोवान शेबेला थांब्यावर न्यायला आला होता. एकतीस वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. त्यातली दोन वर्षं हा मागच्या बाकावर बसून खिशात बेडूक सांभाळायचा. आता चव्वेचाळीस वर्षांचा आहे, टक्कल पडलं आहे, आणि त्याने पाळून वाढवलेले रंग बदलणारे घोयरे सरडे अर्ध्या युरोपातल्या हौशी लोकांकडे जातात. मला पाहिल्याबरोबर म्हणाला, बाई, आल्या आल्या अंगठे धरायला लावू नका, कंबर गेली आहे. मी म्हटलं, तुझी वही पाहून ठरवीन.

ही तीच वही. दोरीने गळ्यात अडकवायची, पेन्सिल सोबत. कुणाला काय खाऊ घातलं ते रोज लिहायचं असा नियम आहे. बाकीचंही मी इथेच लिहिणार.

शेबेलाच्या डाव्या हाताला भलं मोठं बँडेज आहे. करवतीत दोन बोटं गेली, जखम चिघळली, म्हणून तो दोन आठवडे ब्रनोच्या इस्पितळात राहणार. तोवर चौदा घोयरे माझ्या हवाली. मी त्याला सांगितलं की परत येशील तेव्हा चौदाच असतील. एकतीस वर्षांत सहलीला नेलेलं एकही मूल मी हरवलेलं नाही.

नियम त्याने माझ्याकडून घोकून घेतले, आणि ते चांगले आहेत. रातकिडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा द्यायचा नाही. अळ्या मोकळ्या सोडायच्या नाहीत, गुळगुळीत वाटीतच द्यायच्या. कुंडीच्या मातीत शिरल्या की सापडत नाहीत. काळ्या डोक्याच्या मोठ्या अळीचा जबडा आधी चिमट्याने दाबायचा. किड्यांना कॅल्शियमची पूड चोळायची. मळ्यातला टोळ कधीच नाही, तिथे फवारणी असते. आणि सर्वांत महत्त्वाचं, संध्याकाळी दिवे मालवण्याआधी न खाल्लेला एकूण एक रातकिडा पिंजऱ्यातून बाहेर काढायचा. घोयरा झोपला की दगडासारखा झोपतो, आणि भुकेला रातकिडा त्याला कुरतडतो.

किडे घरामागच्या तळघरात वाढतात. पूर्वी तिथे वाइनची पिंपं होती. आता टबांच्या रांगा आहेत, वर तापते दिवे, बाराही महिने ऊब. अकरा पायऱ्या. दार जाडजूड ओकचं, आपोआप मिटतं आणि कडी बाहेरून पडते, म्हणून फटीत वीट ठेवायची. तिथे रोज सकाळी एक बादली मांसाचे तुकडे टाकायचे. मी विचारलं, रातकिड्यांना मांस कशाला, कोंडा आणि गाजर पुरतं की. तो बँडेज कुरवाळत म्हणाला, बाई, माझा वाण वेगळा आहे, वीस वर्षं जपलाय. आयुष्यात एकदा तरी विद्यार्थ्याचं ऐका.

४ मे, मंगळवार

चौदांनीही खाल्लं. प्रत्येकी सहा रातकिडे, नरांना दोन अळ्या जास्त. हुगो नावाचा बुढ्ढा नर हातभर लांबून जीभ मारतो. एक डोळा किड्यावर, दुसरा माझ्यावर. इन्स्पेक्शनला आलेले साहेब असेच बघायचे.

अगाता गाभण आहे, पोटात निदान तीस अंडी. तिचे घोटे मात्र सुजले आहेत. फांदी धरताना पंजा नीट मिटत नाही.

शेजारच्या क्वेता होलेशोवा बटाट्याचं सूप घेऊन आल्या. वय सत्तरीचं, अंगाने भरभक्कम, तोंड अखंड चालू. म्हणाल्या, शेबेलाच्या पालींना दाई मिळाली म्हणायची! स्वतःला दाढी करायला वेळ नाही, पालींना मात्र शहरातली मास्तरीण. मी सांगितलं, पाली नव्हेत, घोयरे. त्या म्हणाल्या, चार पाय आणि वाकडं तोंड, माझ्या नवऱ्याचंही असंच होतं, मी कधी नाव बदललं नाही. बाई आवडली मला.

६ मे, गुरुवार

अगाताच्या घोट्यांचं कारण उघड आहे. रातकिड्याने काल जे खाल्लं ते आज घोयऱ्याच्या पोटात जातं. मांस खाल्लेले किडे रोज पोटात गेले, की सांध्यांत आम्ल साचतं. पंधरा वर्षांच्या पोरालाही समजेल, पण शेबेला तेव्हाही लक्ष देत नव्हता.

आजपासून मांस बंद. गाजर, भोपळा, पालेभाजी आणि कोंडा. इस्पितळात फोन करून कळवणार होते. तो भुलीत आहे म्हणाले. आल्यावर सांगेन. आधी अगाता बरी व्हायला हवी.

९ मे, रविवार

सूज उतरली! अगाता आज पंजा मिटून फांदीवर चढली. स्वतःची पाठ थोपटावीशी वाटली.

तळघरातलं एक निरीक्षण. एरवी रातकिड्यांजवळ पाऊल वाजलं की ते गप्प होतात, माणूस थांबला की पुन्हा किरकिरतात. कुठलाही रातकिडा असाच वागतो. इथे उलटं आहे. मी टबांमधून फिरत असते तोवर कानठळ्या बसवणारी किरकिर. उभी राहिले की शांतता. पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा.

भाजीला फारसं तोंड लावलेलं नाही. मात्र एका टबात निम्मेच किडे उरले आहेत. बाकीच्यांचे नुसते पाय.

११ मे, मंगळवार

हुगोचा डावा डोळा गेला.

सकाळी तो फांदीला चिकटून बसला होता. खोबणीत मोठा तपकिरी रातकिडा डोकं खुपसून खात होता. चिमट्याने ओढला तरी सुटेना. निघाला तेव्हा पापणीसकट निघाला. मी तो फरशीवर टाकून टाचेखाली चिरडला. आतून लाल निघालं.

काल संध्याकाळी मी एकूण एक किडा मोजून काढला होता. वहीत आहे. सहा दिले, पाच खाल्ले, एक काढला. शिवाय हा त्या सहांतला नव्हेच. माझ्या अंगठ्याएवढा होता. इतका मोठा मी कुणालाच देत नाही.

तळघराच्या दारापासून घरापर्यंतच्या वाळूत बारीक रेघा आहेत. शेकडो. विटेची फट त्यांना पुरते. आजपासून वीट फक्त मी आत असताना.

हुगो मेलेला नाही. मरू देणार नाही.

१२ मे, बुधवार

शेबेलाचा फोन आला. मांस बंद केल्याचं सांगितलं. त्याने लगेच विचारलं, किती दिवस? सहा, मी म्हटलं. तो मला बाई म्हणायचंसुद्धा विसरला.

करवत नव्हतीच. मार्चमध्ये जेवण आणि भरपूर वाइन झाल्यावर तळघरात खुर्चीवर त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा बोटं नव्हती. त्याचा म्हातारा कुत्राही उबेला तिथेच झोपायचा. एक दिवस गळ्यातला पट्टा तेवढा सापडला. हलतं त्याला हे शिवत नाहीत, तो म्हणाला, घोयऱ्याच्या भीतीने वीस वर्षांत हलत्यापासून पळणारेच जगले, त्यांचीच पिलावळ झाली. जे निपचित पडलेलं असतं ते मात्र—

मी विचारलं, हे मला आधी का सांगितलं नाहीस. तो म्हणाला, तुम्ही आला नसतात, आणि घोयरे मेले असते.

उद्याच बादलीभर मांस टाकायचं आणि तिथे थांबायचं नाही. सोमवारी तो स्वतः येऊन सगळे टब जाळणार आहे.

क्वेताबाईंनी दोन ससे कापून द्यायचं कबूल केलं आहे.

१३ मे, गुरुवार, दुपारचे अडीच

मी तळघरात आहे. दार मिटलं आहे. क्रमाने लिहिते, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील.

क्वेताबाई बादली घेऊन आल्या. माझ्या गुडघ्यांकडे बघून म्हणाल्या, द्या, मी नेते, तुम्ही अकरा पायऱ्या उतरेपर्यंत सशांना पुन्हा पिलं होतील. मी त्यांना बजावलं होतं, खाली थांबू नका, बसू नका. अगदी स्पष्ट बजावलं होतं. त्या हसल्या.

तेवढ्यात हुगोच्या डोळ्याला औषध घालायची वेळ झाली. दहा मिनिटं. फार तर पंधरा.

परत आले तर त्या खुर्चीत बसलेल्या. पायऱ्यांनी दम लागला असणार, आणि ती ऊब. हनुवटी छातीवर टेकलेली. बादली भरलेलीच, तिला कुणी तोंडही लावलेलं नाही. किरकिर बंद. आणि क्वेताबाई तपकिरी झालेल्या, डोक्यापासून गुडघ्यांपर्यंत, आणि तो तपकिरी रंग हलत होता.

मी झाडू घेऊन झोडपलं. त्यांना झोडपलं, त्यांच्या अंगावर झोडपलं. किडे सटासट उडाले. खालचा चेहरा लिहीत नाही. एक कान आहे. ओठ नाहीत. त्या दातांतून श्वास घेत होत्या. जिवंत आहेत.

काखेत हात घालून ओढत वर नेलं. सातव्या पायरीवर त्या घसरल्या आणि आम्ही दोघी खाली आलो. आत शिरताना घाईत माझी टाच विटेला लागून ती सरकली होती. दार मिटलं, बाहेर कडी पडली. उजवी मांडी मोडली आहे. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखते.

त्या माझ्या पायांवर आडव्या पडल्या आहेत. मला उचलवत नाहीत.

तीन वाजता

हाका मारल्या. मळ्यात कुणी नाही. ओकच्या दारातून आवाज जात नाही. पोस्टमन उद्या अकराला येतो.

हाताला लागलेल्या झाडूने बादली पालथी केली. ते मांसाला लागले. जोवर आहे तोवर.

पावणेचार

मांस संपलं. दोन ससे, हाडांसकट.

आता गोल करून बसले आहेत. वर्गात शिरल्यावर पोरं गप्प व्हायची, तशी शांतता. मी डावा हात क्वेताबाईंच्या खांद्याला लावून त्यांना हलवत ठेवते. हलवलं की गोल मागे सरकतो. उजव्या हाताने लिहिते, म्हणजे तो हात हलता राहतो आणि झोप लागत नाही. दोन्ही हात थांबता कामा नयेत.

साडेचार

क्वेताबाई शुद्धीवर आल्या. ओठांशिवाय बोलल्या, मला कळलं. ससे आवडले का त्यांना, असं विचारलं. मी म्हटलं, फार आवडले, आता गप्प राहा आणि हला. त्या म्हणाल्या, मास्तरीण ती मास्तरीणच. मग पुन्हा मान टाकली.

हलवते आहे. श्वास आहे.

मीच बंद केलं मांस. अगाताच्या घोट्यांसाठी. तर्क बरोबर होता, सगळा बरोबर होता—

सव्वापाच

हात बदलला. अक्षर वाईट येईल.

खांदा मिनिटभर थांबला तर लगेच आले. त्यांच्या मानेवरून दोन ओढून काढले. मुठीत फोडले. किड्यांच्या पोटात गरम—

ज्याला ही वही मिळेल त्याने दारात उभं राहून वाचू नये. चालत वाचा. पाय हलवत. आधी क्वेताबाईंना बाहेर न्या. त्या जिवंत आहेत. त्या जिवंत असणार.

सहा

हलवते. लिहिते. हलवते.

डोळा लागला— एकच क्षण— करंगळीचं नख नाही. दुखलं म्हणून जाग आली. बरं झालं दुखलं. दुखणं चांगलं.

क्वेताबाई, हला. होलेशोवा, ऐकताय ना, हला म्हणते मी—

सहा दहा

हलल्या! आपणहून. बोटं हलवली. शाबास. आता सकाळपर्यंत अशाच. दोघी. कुणीही दगावणार नाही—

गोल मोडला आहे. समोर एकही नाही. गेले? पण शांतता तीच आहे. खाण्याची शांतता.

क्वेताबाईंकडे नाहीत. माझ्या हातांवर नाहीत. दोन्ही हात चालू आहेत—

मांडी तासाभरापासून दुखत नाही. बरं वाटलं होतं. क्वेताबाईंच्या खाली असल्याने तिकडे बघितलंच नव्हतं. पाय हलत नाही माझा. मघापासून तो हललेलाच नाही. आता त्यांना जरा बाजूला सरकवून बघते आहे, स्कर्ट आणि त्याखाली—