शिवदासच्या लग्नाचा कोट

डिचोली,
ता. २० नोव्हेंबर १९७३

चि. शिवदासास दादाचे आशीर्वाद.

तू बहरीनहून पाठवलेलं मासिकातलं चित्र पोचलं. तिरकी हॅट आणि डबल ब्रेस्ट कोटातला तो रुबाबदार साहेब मी दुकानात आरशाजवळ चिकटवला आहे. अरे बाबा, चित्रातल्या माणसाला ना पोट असतं ना उतरता खांदा! तरी कोट तसाच बेतलाय. कॉलर रुंद, कंबर आवळलेली, वरच्या खिशात रुमाल. आई थोडंफार जेवते.

तू लिहिल्याप्रमाणे माप आपल्या सगुणचं घेतलं. तुम्ही दोघं पाठोपाठचे भाऊ, अंगानेही सारखेच. पहिल्या ट्रायलला तो खाणीवरून ट्रक घेऊन तसाच आला, लाल मातीने माखलेला. आधी न्हाणीत पिटाळला. मग कोट चढवून आरशासमोर उभा राहिला, चित्रातल्यासारखा एक हात खिशात घालून.

"दादा, एक फोटो काढूया मरे. नाक्यावरच तर स्टुडिओ आहे."

मी खेकसलो, "शिवाच्या लग्नाचा कोट तो. काढ आधी, कच्चे टाके उसवतील." त्याने काढला, खुर्चीच्या पाठीवर नीट अडकवला आणि हसत गेला.

दुसरी ट्रायल झाली नाही. शिवा, सगुण गेला. गेल्या मंगळवारी मुळगावच्या चढावर ट्रक उलटला. तुला तार करायला मी दोनदा पोस्टात गेलो आणि तसाच परत आलो.

मला रडू आलेलं नाही. लोक बघतात. त्याच्यासाठी कोरं कापड आणलं, तेव्हा मी सवयीने गळ्यातली टेप काढून त्याचा खांदा मोजला आणि कात्री उचलली. आपले गोपाळमामा हळूच म्हणाले, "गोकुळदासा, त्या कपड्याक कातर लायनात रे. हातान फाड." मला फाडता येईना. मामांनीच फाडलं.

भिंतीवर लावायला घरात त्याचा फोटो नाही. खाणीच्या पासावरचा आहे, त्यात त्याचे डोळे मिटलेले. नाक्यावर जाऊन यायला दहा मिनिटं लागली असती. मीच जाऊ दिलं नाही.

लग्न पुढे ढकललंय. कोट अजून कच्च्या टाक्यांत आहे, तो मला पुरा करवत नाही. तू ये. आलास की तुझं माप तुझ्याच अंगावर घेईन.

आता तुझ्या एकट्याचा,
दादा