माळ्यावरचे उंदीर आणि मामांचा कोट

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (अगदी खरोखरचा साष्टांग, कारण हे पत्र मी माळ्यावर पालथा पडून लिहितो आहे. इथे मांडी घालून बसलं की डोकं वाशाला लागतं.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? चिमणीच्या लग्नाची गडबड सुरू झालीच असेल. नव्या शर्टाच्या मापासाठी तुम्ही पाठवलेला जुना शर्ट पोचला, पण पुडकं अजून सोडलेलं नाही. कारण उंदीर.

लेकीच्या लग्नात भाच्यानं शिवलेला पहिला कोटच घालणार, अस्तर बदललं असेल तर घेऊन ये, असा तुमचा निरोप आला. मामा, वाचून ऊर भरून आला आणि पाठोपाठ माळा आठवला. अस्तर बदललेलं नव्हतं (शिंप्याकडे घरच्यांची कामं सगळ्यात शेवटी होतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे), कोट माळ्यावरच्या ट्रंकेत होता, आणि माळ्यावर उंदरांच्या शर्यती चालल्या होत्या. त्यातून तो कोट म्हणजे माझी जन्माची फजिती. उजवी बाही डावीपेक्षा दोन बोटं लांब! माझ्या उस्तादांनी दोन्ही बाह्या शेजारी ठेवून सगळ्या दुकानाला दाखवल्या होत्या. तुम्ही मात्र अवाक्षर न काढता तो वर्षानुवर्षं घातलात, उजवा हात खिशात ठेवून. बाही आखूड करून देतो म्हटलं तर "मला अगदी बरोबर बसतो" म्हणून कधी हात लावू दिला नाहीत. असा मामा आणि त्याचा कोट उंदरांच्या तोंडी द्यायचा, म्हणजे लग्नात मी कोणत्या तोंडानं यायचं?

तेव्हा कंबर कसली. भोकं बुजवायला कोणी पत्रा मारतो, कोणी वीट लावतो. मी पडलो शिंपी. टेप काढली, एकेका भोकाचं माप घेतलं आणि आत चिंध्या भरून बरोबर त्या मापाचे बोळे शिवले, वर जाड कापडाचं आवरण, कडेनं दुहेरी शिलाई. (एक तर इतका सुरेख बसला की मी बराच वेळ नुसता बघत राहिलो.) सकाळी पाहतो तर सगळे बोळे ट्रंकेमागे ओढून नेलेले आणि त्यांवर उंदीर सहकुटुंब झोपलेले. बायको शिडीवरून डोकावली आणि म्हणाली, "गाद्या झाल्या शिवून, आता उशांची मापं घ्या."

मग गवंडी आणला. त्यानं काचेचा चुरा घातलेलं सिमेंट भरून सगळी भोकं बंद केली. काम चोख. फक्त उंदीर आत आहेत की बाहेर, हे त्यानंही विचारलं नाही आणि मीही नाही. बाहेरची वाट बंद झाल्यावर मंडळी माळ्यावरून थेट दुकानात उतरू लागली. तेव्हा स्टुलावर बँकेचे साहेब पँटच्या फिटिंगला उभे होते, एक पाय टाचण्या लावलेला, दुसरा मोकळा. उंदीर स्टुलाखालून गेला आणि साहेब स्टुलावरून माझ्या कापायच्या टेबलावर गेले. तिथून भीतीनं उतरवेना आणि टाचण्यांमुळे बसवेना. (पँट त्यांनी घेतली. एवढ्या उडीत कच्ची शिलाईसुद्धा उसवली नाही म्हणाले.)

शेवटी उपाय बायकोनं काढला. उंदरांना माझ्या गाद्या इतक्या मानवल्या होत्या की दुपारी ते त्यांवरून हलत नसत. तिनं टोपली आणली, गाद्यांसकट अख्खं बिऱ्हाड उचललं, वर झाकण ठेवलं आणि नदीपलीकडच्या पडीक जागेत सोडून आली. गाद्याही त्यांनाच दिल्या. आता माळा शांत आहे. सिमेंट गवंड्याचं, टोपली बायकोची, पण विजय शिलाईचाच झाला, असं माझं मत आहे. बायकोचं वेगळं आहे.

मग ट्रंक उघडली. उजव्या बाहीचं टोक झाकणाबाहेर राहिलं होतं, आणि उंदरांनी बाहेर राहिलेलं तेवढंच कुरतडलं होतं. दोन बोटं! बाकी कोटाला दात लागलेला नाही. बाह्या शेजारी ठेवल्या, तर केसाचाही फरक नाही. मामा, वाशावर डोकं आपटेपर्यंत हसलो. तुम्ही जे मला कधी करू दिलं नाहीत ते उंदरांनी फुकटात करून दिलं! कडेला पट्टी लावली, अस्तर बदललं, आता कोट घेऊन लग्नाच्या आदल्या दिवशी हजर होतो. तुमचा उजवा हात एकदा खिशाबाहेर पाहायचा आहे, मग मी सुखी.

मामींना नमस्कार, चिमणीला आशीर्वाद. (तिला आता चिमणी म्हणायचं नाही म्हणे.)

तुमचा भाचा

ता. क. तुमच्याकडे उंदरांचा त्रास असेल तर कळवा. गाद्यांची मापं तयार आहेत.

आणखी एक ता. क. पत्र संपवून खाली दुकानात आलो, तर बायकोनं पुडकं सोडून तुमचा शर्ट टेबलावर पसरला होता. त्याचीही उजवी बाही दोन बोटं लांब! तुमच्या तिकडच्या शिंप्याला मी पोटभर हसणार, तेवढ्यात ती म्हणाली, "अहो, बाही हाताला लावून बघायची असते, दुसऱ्या बाहीला नाही." मामा, तुमचा उजवा हातच लांब आहे, हे एकदा तरी सांगायचं होतंत! म्हणजे तेव्हा मी माप बरोबर घेतलं होतं आणि माझा पहिला कोट बिनचूक होता. आनंदानं दुकानभर नाचलो. नाचून झाल्यावर आठवलं की आता तो बिनचूक नाही, आणि तसलं कापड कुठेच मिळत नाही. तेव्हा एवढीच विनंती, लग्नात उजवा हात खिशातच असू द्या.