रिकाम्या ट्रॉलीचा पत्ता

अमरावती, बुधवार, १४ नोव्हेंबर २०१८

चि. अद्वैत यास चिंतामणचे आशीर्वाद.

इकडे मी ठीक. तुझी कंबर कशी आहे? (खुर्चीत बसून कॉम्प्युटर चालवणाऱ्यांची ती का दुखते, हे मला या महिन्यात कळले.) तुझ्या ताईच्या प्रथम पुण्यस्मरणाचे कार्ड मिळाले असेल. मिळूनही तू फोन केला नाहीस, म्हणजे तू ते नीट वाचले आहेस, असे धरून लिहितो.

वरूडच्या संत्रेवाल्यांसाठी ताईने 'रिकामी ट्रॉली' ही वेबसाइट बनवली, हे तू जाणतोसच. कोणाचा ट्रॅक्टर मंडईत निघाला, ट्रॉलीत किती जागा उरली, हे गावोगावी दिसावे एवढेच. (भाव पडला की अर्धा माल भाड्यातच जातो, असे ती म्हणे. मी मान हलवत असे.) वेबसाइट पूर्ण झाली आणि आमची ही गेली. पुण्यस्मरणाला भांडी वाटण्यापेक्षा ती सुरू करीन, असे मी चारचौघांत बोलून बसलो. जन्मभर भूगोल शिकवलेल्या माणसाने असे बोलू नये.

तिच्या लॅपटॉपवर काळी खिडकी उघडून मी व्हिडिओत सांगतात तसे टाइप करत गेलो. लाल अक्षरे येत. मग समजले की डेटाबेस आधी चालू करावा लागतो. कोणत्याही कार्याआधी गणपती बसवतात, तसा. तो बसवला आणि पान उघडले. वर पत्ता होता, localhost:3000. मी तो उतरवून घेतला आणि कार्डावर तिच्या फोटोखाली छापला.

पहिला फोन वरूडहून खुशालरावांचा. (ट्रॉलीची कल्पना मूळची त्यांची.) "सर, काहून उघडून नाही राह्यलं?" मी म्हटले, रेंज नसेल, उंचावर जाऊन पाहा. त्यांनी निम्मे गाव पाण्याच्या टाकीवर चढवले. इकडे मी काळी खिडकी बंद पडू नये म्हणून घराबाहेर पडत नव्हतो. बाजार नाही, देऊळ नाही. वीज गेली की शेजारी अब्दुल गफ्फारांच्या इन्व्हर्टरवर लॅपटॉप लावून बसायचो.

अखेर गफ्फारांच्या सूनबाई नगमा, ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतात, त्यांनी कार्ड पाहिले. त्या हसल्या नाहीत, याचेच जास्त वाईट वाटले. म्हणाल्या, "सर, हा पत्ता ज्याच्या त्याच्या मशीनचा स्वतःचाच असतो. तुमी छापलं, का ज्यानं त्यानं आपापल्या घरी जाऊन पाहा."

खुशालरावांना अजून सांगितलेले नाही. ते लोकांना ओरडत आहेत, की सरांच्या बाईंनी केलेले काम चुकायचे नाही, तुमचेच मोबाइल खराब. तुला हे केवळ कळावे म्हणून लिहिले. तू कामात असतोस, धावपळ करू नकोस.

तुझा,
चिंतामण

ता. क. रविवारी पुण्यस्मरणाला खुशालराव गाडी भरून माणसे आणत आहेत. त्याआधी ती वेबसाइट खऱ्या इंटरनेटवर चढवता येईल का? शनिवारीच ये. कार्डांवर नवा पत्ता मी हाताने लिहीन.

ता. क. २. नगमाबाई म्हणतात, तिकडे चढवल्यावर उघडणाऱ्या प्रत्येकाला त्याचे स्वतःचे नाव दिसेल. दिसू दे. या लॅपटॉपवर मात्र 'नमस्कार, सरोजिनी' येते, ते काढू नकोस. मी रोज सकाळी चालू करतो. मला ट्रॉली कुठे न्यायची आहे? पण मी तिला कधी नावाने हाक मारली नाही, हे तुला ठाऊक आहे.