घर, मागची वाट वगळून

मी, चंद्रशेखर रामचंद्र खांबेटे, वय ७७, निवृत्त आरेखक, राहणार पोरिरुआमागच्या खोऱ्यातले टेकडीखालचे शेवटचे घर, हे मृत्युपत्र आपल्या अकलेने आणि आपल्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले, डोके जागेवर आहे; डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणी भरीस घातलेले नाही. याआधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. वकीलबाई अनुराधा याचे इंग्रजी करतील, सही त्यावरही करीन, आणि माझ्यामागे व्यवस्थाही त्याच पाहतील.

१. माझी पत्नी वसुंधरा चार वर्षांपूर्वी गेली. तिच्या नर्सच्या नोकरीमुळे आम्ही या देशात आलो. मी पुण्याच्या भूमापन कार्यालयात नकाशे उतरवणारा, इथे पहिले वर्षभर बिनकामाचा. ती ड्यूटीवर गेली की मी चालायला निघे. मेंढ्या हाकायच्या जुन्या, गवतात बुडालेल्या वाटा एकेक करून सापडल्या. त्या जोडत गेलो तेव्हा सात किलोमीटरची एक पुरी फेरी झाली. गावच्या वाचनालयापासून ओढ्याकाठाने, मग उघड्या माळावर, वाऱ्याच्या धारेवर, आणि उतरताना थेट आमच्या घरामागून परत गावात. चढाला भुजंगप्रयात म्हणायचो, उताराला ओवी. पाचवीत छड्या खाऊन पाठ केलेल्या कविता, त्यांचा असा उपयोग होईल हे मास्तरांनाही वाटले नसेल. आता चढही नाही आणि दमही नाही. खिडकीतून लोक जाताना दिसतात, "किया ओरा" असा इथला नमस्कार करतात, मी हात वर करतो. तेवढेही पुष्कळ होते.

२. शाळेची कवितांची नऊ पुस्तके नात इशिता हिला. ती म्हणाली, "आजोबा, आय कान्ट रीड धिस." मी म्हटले, वाचू नकोस, वास घे. तिने घेतला आणि शिंकली. तरी पुस्तके तिलाच.

३. फेरीचा हाताने काढलेला नकाशा गावच्या वाचनालयाला. गॉर्सची काटेरी झुडपे छाटायची माझी मोठी कात्री कोपऱ्यावरच्या डेअरीतल्या (इथे किराणा दुकानाला डेअरी म्हणतात) रणजितकडे सहा वर्षे आहे. ती त्याचीच समजावी. मागायचा कंटाळा आला.

४. राहते घर व जमीन मुलगा ऋतुराज याला, मागच्या कुंपणालगतची दोन मीटर रुंदीची पट्टी मात्र पायवाट म्हणून राखीव राहील. याचा खुलासा करणे भाग आहे.

फेरीचा शेवटचा तुकडा आमच्या जमिनीतून जातो. तो बंद झाला तर लोकांना आल्या वाटेने परत फिरावे लागेल, नाहीतर मोठ्या रस्त्याच्या कडेने, ट्रकच्या वाऱ्यात. माझे मित्र पुरुषोत्तम सोहोनी, औषधांच्या दुकानातून निवृत्त, माझ्याबरोबर बारा वर्षे चालले. ते दर खेपेला म्हणत, "खांबेटे, हे कागदावर घ्या. तुमच्यामागे कोणी तार ठोकली तर?"

मी म्हणे, "सोहोनी, जन्म भूमापनात गेला माझा. वीस वर्षांची वहिवाट झाली की हक्क झालाच. तुम्ही आपल्या गोळ्या मोजा."

एकदा ते सर्वांसमक्ष म्हणाले, "पुण्याचा कायदा विमानात बसून आला वाटतं!" लोक हसले. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी सहा वर्षे बोललो नाही.

गेल्या महिन्यात अनुराधाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "काका, इथे चालून चालून हक्क होत नाही. नोंद नाही, तर वाट नाही." चोवीस वर्षे मी गावाला ज्या वाटेची खात्री दिली, ती माझ्या फाटकाच्या मर्जीवर होती. घरी आलो आणि बूट न काढता बसून राहिलो.

त्यानंतर सोहोनींना फोन केला. म्हणालो, "तुमचं बरोबर होतं."

"कशाबद्दल?"

"सगळ्याबद्दल नाही. वाटेबद्दल."

"मग ठीक आहे," म्हणाले, "मी घाबरलो, म्हटलं तब्येत फारच बिघडली."

परवा गावच्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, नावे पायवाटेचा हक्क नोंदवून दिला. कागद पक्का झाला आहे. माझ्यामागे तो कोणाला फिरवता येणार नाही.

५. ऋतुराज दूर उत्तरेला, फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात राहतो, मोठे घर आहे, तितकेच मोठे कर्ज आहे. माझ्यामागे घरामागचा प्लॉट वेगळा काढून विकायचा त्याचा विचार. मागे फोनवर म्हणाला होता, "बाबा, तो प्लॉट म्हणजे इशिताचं युनिव्हर्सिटीचं शिक्षण आहे. आणि तुम्ही गवताच्या वाटेचं काय घेऊन बसलात?" दोन मीटर गेले की तिथे दुसरे घर बसत नाही. आरेखक असल्याने हे मला त्याच्याआधी कळले होते. तरी सही केली, आणि त्याला विचारले नाही. विचारले असते तर तो नाही म्हणाला असता, आणि मला त्याचे ऐकावे लागले असते. माझी सर्व बचत इशिताच्या शिक्षणासाठी ठेवतो. प्लॉटइतकी ती नाही, हे ठाऊक आहे.

६. सोहोनी या कागदाचे साक्षीदार आहेत, म्हणून कायद्याने त्यांना काही देता येत नाही. हे सांगितल्यावर म्हणाले, "सुटलो!"

७. ऋतुराज, हे कलम तुला. अनुराधाबाईंना सांगून या कागदाची प्रत आजच तुला पाठवत आहे, माझ्यामागे उघडायला नव्हे. तुझे नुकसान मी केले आहे, जाणूनबुजून. मेलेल्या बापाशी भांडता येत नाही, मनात नुसते कुढावे लागते; माझ्या वडिलांशी माझे तसेच राहून गेले. तेव्हा मी आहे तोवर ये. विमानाचे तिकीट मी काढतो. जे बोलायचे ते समोर बस आणि बोल. मी मध्ये बोलणार नाही.

साक्षीदार, आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
१. पुरुषोत्तम सोहोनी (सही)
२. कांचन देवस्थळी, शेजारीण (सही)

चं. रा. खांबेटे (सही)
राहते घर, पोरिरुआजवळ
शनिवार, १४ जून २०२५