नैरोबीतली राखण

शुक्रवार, ३ ऑगस्ट १९५१, नैरोबी

कुंदा आमच्याजवळ येत नाही. सहा वर्षांची पोर, आई गेल्यापासून वांजिरूने सांभाळलेली – घरात कामाला आहे ती बाई. तिच्या आडून आमच्याकडे बघते. तिचा बाप, माझा धाकटा भाऊ रुपचंद म्हणतो, "नाना, बोटीवर बसली की लागेल सवय. घेऊन जा." धुळ्याहून निघताना मलाही हे सोपं वाटलं होतं. आम्हाला मूल नाही, तिला आई नाही. पण यात तिचं भलं किती आणि आमची हौस किती? बायकोने, प्रमिलाने, शिवून आणलेली परकर-पोलकी अजून पेटीतच आहेत.

रविवार, ५ ऑगस्ट

रुपचंदने मोटारीतून जनावरं दाखवायला नेलं. झेब्रे पोळ्याला रंगवल्यासारखे! जिराफ बाभळीचा पाला काट्यांसकट खातो – तोंडाला लागत नसेल?

मग गवतातून सिंहीण निघाली. जबड्यात पिल्लू लोंबत होतं. प्रमिला खिडकीतून अर्धी बाहेर झाली आणि ओरडली, "हाऽऽ! सोड त्याला!" लहानपणी शेतातल्या माळ्यावरून पाखरं हाकत ज्वारी राखायची, तोच आवाज. सिंहीण दचकली, पिल्लू टाकून झुडपात गेली.

कुंदा म्हणाली, "मोठी माय, ती तेनी मायच शे."

ती त्याची आईच आहे! आमच्याशी पहिल्यांदाच बोलली, तेही आमच्या अहिराणीत.

प्रमिला मटकन बसली. पिल्लू गवतात ओरडत होतं. रुपचंदने घाईने मोटार काढली. कुंदा मागच्या काचेतून बघत राहिली.

मलाही वाटलं होतं, ती पिल्लाला खाते आहे. मीही ओरडलो असतो. आवाज फुटला नाही एवढंच. याला शहाणपण म्हणता येणार नाही.

सोमवार

कुंदा जेवेना. शेवटी संध्याकाळी पुन्हा गेलो. गवत दबलेलं, पिल्लू नाही. आईने नेलं, रुपचंद म्हणाला. मनात आलं, तरसाने नेलं नसेल कशावरून? "तीच ली गई ना?" कुंदाने प्रमिलाला विचारलं. प्रमिला हो म्हणाली. खरं की खोटं, कोणाला माहीत?

परतताना कुंदा तिच्या मांडीवर झोपली! वाटलं, सुटला प्रश्न. पण दारात वांजिरू उभी होती. झोपलेली पोर प्रमिलाने आपणहून तिच्या हातात दिली. का दिली? विचारायचा धीर झाला नाही.

मंगळवार

प्रमिला पेटी भरते आहे की रिकामी करते आहे, कळेना.

शनिवार, मोंबासा

बोटीवर मी एकटाच. प्रमिला तिकडेच राहिली – "पोरीला उपटून न्यायची नाही, मीच राहते." मला तिचा राग येतोय की हेवा वाटतोय, अजून ठरत नाही. नैरोबीच्या स्टेशनवर विचारलं, धुळ्यात लोकांना काय सांगू?

म्हणाली, "सांगा, राखणीला बसलीय."